फिलेमोनाला लिहिलेले पौलाचे पत्र कसे वाचावे

बायबलच्या नव्या करारातील प्रेषित पौलाच्या पत्रांमध्ये फिलेमोनाला लिहिलेले पत्र सर्वांत लहान आहे. त्यात फक्त २५ वचने असून मूळ ग्रीक मजकूर ३३५ शब्दांचा आहे, त्यामुळे ते सावकाश वाचले तरी काही मिनिटांत संपते. रोमकरांस लिहिलेल्या पत्रासारखी सिद्धान्ताची मांडणी त्यात नाही, आणि करिंथच्या मंडळीला, म्हणजे तेथील ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पत्रांसारखे वादांचे निवाडेही नाहीत. एका घरमालकाला, अनेसिम नावाच्या एका माणसाबद्दल, तुरुंगातून केलेली ही विनंती आहे. तरीही पौलाचा विचार प्रत्यक्ष व्यवहारात कसा उतरत होता हे ज्याला पाहायचे आहे, त्याने आधी हेच पत्र हाती घ्यावे असे मला वाटते, कारण ज्या वेळी बंधुत्वाची किंमत कोणाला तरी खरोखर मोजावी लागणार होती, त्या वेळी पौल काय बोलला आणि काय बोलला नाही, हे येथे ओळीओळीत दिसते.

हे पत्र वाचण्यातली पहिली अडचण अशी की आपण त्याची गोष्ट आधी ऐकलेली असते आणि पत्र नंतर वाचतो. अनेसिम हा फिलेमोनाचा गुलाम होता, त्याने धन्याचे पैसे चोरले, तो रोमला पळाला, तेथे त्याची तुरुंगातील पौलाशी गाठ पडली, त्याला पश्चात्ताप झाला आणि पौलाने त्याला परत पाठवले, अशी ती गोष्ट आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान ख्रिसोस्तोम या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने या पत्रावर प्रवचने केली तेव्हा चोरी, पलायन आणि रोम हे तिन्ही धागे त्याच्या निवेदनात होते, आणि पुढच्या काळात बहुतेकांनी पत्र त्याच चौकटीत वाचले. ही गोष्ट खोटीच आहे असे नाही. तिच्यातील काही भाग खरा असण्याची शक्यता पुष्कळ आहे. परंतु तिच्यातील नेमके काय पत्रात आहे आणि काय बाहेरून आले आहे, हे वेगळे केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यासाठी एक कागद घेऊन त्याचे दोन रकाने करावेत. पत्र एका बैठकीत सलग वाचावे, मग दुसऱ्यांदा वाचताना पत्रात स्पष्ट लिहिलेली माहिती वचनाच्या क्रमांकासह एका रकान्यात आणि आपण केलेले अनुमान दुसऱ्या रकान्यात टिपावे. पौल बंदिवान आहे (१, ९), अनेसिम त्याच्याजवळ आहे आणि बंदिवासातच तो पौलाचे ‘लेकरू’ झाला आहे (१०), पौल त्याला परत पाठवत आहे (१२), त्याला स्वतःजवळ ठेवण्याची पौलाची इच्छा होती (१३) आणि फिलेमोनाच्या संमतीशिवाय तसे करणे त्याला बरे वाटले नाही (१४), एवढ्या गोष्टी पहिल्या रकान्यात निश्चित जातात. चोरीचे काय? १८ व्या वचनात पौल म्हणतो की, अनेसिमाने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तो तुझे काही देणे लागत असेल, तर ते माझ्या खाती मांड. या वाक्यात ‘असेल’ आहे. हा ‘असेल’ खरा प्रश्न असू शकतो, किंवा दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट सौम्य करून सांगण्याची रीत असू शकते. पण चोरी पहिल्या रकान्यात लिहिता येत नाही. पलायनाचेही तसेच आहे. १५ व्या वचनात अनेसिम थोडा काळ फिलेमोनापासून दूर झाला असे म्हटले आहे, आणि तेही अशा रचनेत की दूर करणारा कोण हे वाक्यात येतच नाही. तो पळाला, कोणी त्याला पाठवले की वाट चुकून तो पौलाच्या दारी आला, हे वाक्य सांगत नाही. शिवाय पौल त्या विरहामागे देवाचा हेतू असण्याची शक्यता सुचवतो, तीही ‘कदाचित’ हा शब्द घालून.

अनेसिम गुलाम होता हे तरी निश्चित आहे का? दास हा शब्द संपूर्ण पत्रात फक्त १६ व्या वचनात येतो. विसाव्या शतकाच्या शेवटी ॲलन कॅलहन या अभ्यासकाने असे मांडले की हे दोघे सख्खे भाऊ असून त्यांच्यात बेबनाव झाला होता. हे मत बहुतेकांना पटलेले नाही. ‘यापुढे दास म्हणून नव्हे’ या शब्दांना अर्थ येतो तो आतापर्यंत तो दास होता म्हणूनच, आणि फिलेमोनाची संमती लागते हेही त्याच्याशी जुळते. म्हणून मी ही गोष्ट पहिल्या रकान्यात ठेवतो.

यानंतर पत्र कोणाला लिहिले आहे ते नीट पाहावे. पत्राला फिलेमोनाचे नाव पडले असले तरी सुरुवातीला तीन नावे आणि एका मंडळीचा उल्लेख आहे: प्रिय सहकारी फिलेमोन, बहीण अफ्फिया, सहसैनिक अर्खिप्प आणि फिलेमोनाच्या घरात जमणारी मंडळी. अफ्फिया ही फिलेमोनाची पत्नी असावी असा तर्क जुना आहे. फ्रुगिया प्रदेशातील शिलालेखांत हे नाव आढळते, पण पत्र तिला फक्त बहीण म्हणते. येथे मराठी वाचकाला एक सोय आहे. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ हा भेद आपल्याकडे आहे, मूळ ग्रीकमध्येही आहे, आणि तो या पत्रात फार मोलाचा आहे. सुरुवातीचा कृपा व शांतीचा आशीर्वाद ‘तुम्हांला’ आहे. त्यानंतर जवळजवळ सगळे पत्र एकट्या फिलेमोनाला ‘तू’ म्हणून उद्देशलेले आहे. अगदी शेवटी, तुमच्या प्रार्थनांमुळे मी तुम्हांला दिला जाईन असे म्हणताना (२२) आणि अखेरच्या आशीर्वादात (२५) पुन्हा ‘तुम्ही’ येते. हातातील भाषांतराने फिलेमोनासाठी आदरार्थी ‘तुम्ही’ वापरले असेल तर हा भेद पुसला जातो, म्हणून तो समासात पेन्सिलीने टिपून घ्यावा. अर्थ असा की एका माणसाला केलेली विनंती भरल्या मंडळीसमोर मोठ्याने वाचली जाणार होती. सगळे ऐकत असताना फिलेमोनाला उत्तर द्यायचे होते, आणि पौलाला हे पक्के ठाऊक होते.

ही मंडळी कलस्सै येथे होती असे आपण म्हणतो, पण त्या गावाचे नाव या पत्रात नाही. ते कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रातून येते, जेथे अनेसिमाला ‘तुमच्यापैकीच’ म्हटले आहे (४:९) आणि अर्खिप्पाला निरोप दिला आहे (४:१७). दोन्ही पत्रांच्या शेवटी सलाम सांगणाऱ्यांत एपफ्रास, मार्क, अरिस्तार्ख, देमास आणि लूक ही पाच नावे समान आहेत. कलस्सैकरांस पत्र स्वतः पौलाने लिहिले की त्याच्या शिष्यपरंपरेत ते तयार झाले याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; फिलेमोनाच्या पत्राविषयी मात्र आज तसा वाद उरलेला नाही. कलस्सै हे लुकोस नदीच्या खोऱ्यातील, रोमच्या आशिया प्रांतातील गाव होते, आजच्या तुर्कस्तानच्या नैऋत्य भागात होनाझजवळ. लावदिकीया आणि हेरापली ही त्याहून भरभराटीची शहरे जवळच होती. एके काळी मोठे असलेले कलस्सै पौलाच्या काळात त्यांच्या मागे पडले होते.

पौल कोणत्या तुरुंगात होता, हा प्रश्न पार्श्वभूमीच्या पुस्तकांत बरीच पाने घेतो, पण वाचकाने तेथे फार वेळ घालवू नये. रोम (इ. स. ६०–६२ च्या सुमारास), कैसरीया आणि इफिस (५३–५५ च्या सुमारास) अशी तीन ठिकाणे सुचवली जातात. रोम आणि कैसरीया येथील कैदेचे वर्णन प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आहे. इफिसच्या कैदेचे नाही, परंतु आपण अनेकदा तुरुंगात होतो असे पौल स्वतः सांगतो (२ करिंथ ११:२३). २२ व्या वचनात तो आपल्यासाठी राहण्याची जागा तयार ठेवायला सांगतो. इफिस कलस्सैपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, तर रोम दीड हजार किलोमीटरहून दूर, तेही समुद्र ओलांडून. शिवाय रोमहून पुढे स्पेनला जाण्याचा पौलाचा बेत होता (रोम १५:२४). या कारणाने माझा कल इफिसकडे आहे. तथापि तुरुंग कोणताही असला तरी पत्राची विनंती बदलत नाही.

गुलामगिरीची पार्श्वभूमी मात्र वेळ देऊन समजून घ्यावी लागते, कारण ती माहीत नसेल तर पत्रातील निम्मी वाक्ये केवळ गोड वाटतात. रोमच्या कायद्यात गुलाम ही धन्याची मालमत्ता होती. त्याचे लग्न कायद्याने लग्न ठरत नसे आणि त्याला कायद्याने बाप नसे. ही गोष्ट लक्षात ठेवून १० वे वचन पुन्हा वाचावे: ज्याला कायदा बाप देत नाही त्याच्याबद्दल पौल म्हणतो की बंदिवासात मी याचा बाप झालो. पळालेल्या गुलामाला धनी फटके मारू शके, डाग देऊ शके, साखळदंडात ठेवू शके, आणि त्याला लपवून ठेवणारा माणूस चोरीचा दोषी ठरे. इ. स. पू. १५६ मधील, म्हणजे रोमच्या सत्तेपूर्वीच्या अलेक्झांड्रियातील एक पपायरस, म्हणजे वनस्पतीपासून केलेल्या कागदावरचा लेख, उपलब्ध आहे. त्यात सुमारे १८ वर्षांचा एक गुलाम पळाल्याची जाहिरात आहे. त्याच्या उजव्या मनगटावर गोंदलेली परकी अक्षरे, हनुवटीवरची खळी, नाकाजवळचा तीळ, जाताना त्याने नेलेल्या वस्तू हे सगळे तपशीलवार लिहून बक्षीस जाहीर केले आहे. देवळात आश्रय घेतलेला दाखवून दिला तर बक्षीस कमी, पण ज्याच्यावर दावा लावता येईल अशा ऐपतदार माणसाकडे तो सापडला तर सर्वांत जास्त. गुलामाला ठेवून घेणे हे ठेवून घेणाऱ्यालाही किती महागात पडू शके, हे या चढत्या बक्षिसावरून कळते. अनेसिम खरोखर पळालेला असेल, तर त्याला जवळ ठेवण्याची इच्छा बोलून दाखवणारा पौल, आधीच कैदेत असताना, आणखी एका आरोपाच्या जवळ उभा होता.

कायद्यात एक बारीक फटही होती. धन्याच्या मित्राकडे मध्यस्थीसाठी गेलेला गुलाम पळपुटा समजू नये, असे मत पहिल्या शतकातील प्रोक्युलस या कायदेपंडिताच्या काळापासून नोंदलेले आढळते. त्यामुळे काही अभ्यासक म्हणतात की अनेसिम पळाला नव्हता. घरात काही तंटा झाल्यावर धन्याला ज्याचा शब्द मोडता येणार नाही अशा माणसाकडे तो जाणूनबुजून गेला होता. मला हे स्पष्टीकरण अधिक पटते, कारण अफाट जगात पळालेल्या गुलामाची गाठ नेमकी आपल्या धन्याच्या गुरूशीच पडावी हा योगायोग फार मोठा मानावा लागतो. अर्थात हे अनुमान आहे आणि त्याची जागा दुसऱ्या रकान्यातच आहे.

अशा मध्यस्थीची दुसरी एक चिठ्ठी सुदैवाने टिकून आहे, आणि ती शेजारी ठेवून वाचण्याइतका उपयुक्त दुसरा उपाय मला माहीत नाही. धाकटा प्लिनी, म्हणजे जो रोमन लेखक पुढे बिथुनियाचा सुभेदार झाला, त्याने साबिनियानुस नावाच्या मित्राला असेच पत्र लिहिले होते (त्याच्या पत्रसंग्रहाच्या नवव्या भागातील २१ वे). साबिनियानुसाचा एक मुक्त केलेला गुलाम धन्याच्या रागाला भिऊन प्लिनीच्या पाया पडला. प्लिनी लिहितो की तो रडला, त्याने विनवण्या केल्या, त्याचा पश्चात्ताप खरा वाटतो. तुझा राग योग्यच आहे, पण राग योग्य असतो तेव्हाच क्षमेची किंमत जास्त असते. त्याच्या तरुण वयाकडे आणि अश्रूंकडे पाहा. मी त्याला कडक शब्दांत सुनावले आहे आणि पुन्हा कधी रदबदली करणार नाही असे बजावले आहे. आता हीच जागा पौलाच्या पत्रात शोधावी. अनेसिमाचे अश्रू कोठेच नाहीत. त्याने क्षमा मागितली असे एकही वाक्य नाही. फिलेमोनाचा राग योग्य होता असे पौल म्हणत नाही आणि मी त्याला रागावलो असेही सांगत नाही. प्लिनी मुक्त माणसाला त्याच्या जागी ठेवून त्याच्यासाठी दया मागतो. पौल अनेसिमाची जागाच बदलतो, आणि नुकसान झाले असेल तर ते स्वतः भरायला निघतो. दोन्ही पत्रे भल्या माणसांची आहेत. पण दयेची याचना आणि नात्याची नवी मांडणी यांतील अंतर त्यांना समोरासमोर ठेवल्यावर जेवढे स्पष्ट होते, तेवढे कोणत्याही भाष्याने होत नाही.

एवढी तयारी झाल्यावर पत्राच्या युक्तिवादाचा माग काढावा. ४ ते ७ या वचनांत त्या काळच्या रीतीप्रमाणे देवाची उपकारस्तुती आहे, पण तिच्यात पुढच्या विनंतीचे सगळे सामान आधीच मांडून ठेवलेले आहे: प्रीती, विश्वास, सहभागिता, चांगले ते ओळखणे. विशेषतः ७ व्या वचनावर थांबावे. भाऊ, तुझ्यामुळे पवित्र जनांच्या अंतःकरणांना विसावा मिळाला आहे, असे पौल तेथे म्हणतो. १२ व्या वचनात अनेसिमाला पाठवताना ‘हा म्हणजे माझे अंतःकरणच’ असे शब्द येतात. २० व्या वचनात विनंती आहे की ख्रिस्तामध्ये माझ्या अंतःकरणाला विसावा दे. ही तीन वचने एकाखाली एक लिहून काढली की पत्राचा कणा समोर येतो. तू सर्वांच्या अंतःकरणाला विसावा देतोस. माझे अंतःकरण तुझ्याकडे येत आहे. तर मग त्याला विसावा दे. विनंती उघड होण्याआधीच तिचे उत्तर फिलेमोनाच्या स्वतःच्या चांगुलपणात पेरून ठेवलेले आहे.

८ व्या वचनात पौल सांगतो की मला तुला आज्ञा करण्याचे धैर्य आहे, तरी प्रीतीस्तव मी विनंती करतो. आज्ञेचा अधिकार असल्याचे सांगून तो बाजूला ठेवणे ही बोलण्याची एक जुनी रीत आहे, आणि तो अधिकार ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहतोच. त्यानंतर तो स्वतःला वृद्ध आणि बंदिवान म्हणतो. अनेसिमाचे नाव फिलेमोनाच्या कानी पडते ते दहाव्या वचनात, मूळ वाक्यात तर ‘माझे लेकरू’ या शब्दांनंतर. अनेसिम या नावाचा अर्थ ‘उपयोगी’, म्हणून ११ व्या वचनात निरुपयोगी आणि उपयोगी अशी शब्दांची जोडी आली आहे. भाषांतरात ती कोरडी वाटते, एवढे जाणून पुढे जावे.

मर्म आहे ते १६ आणि १७ या वचनांत. यापुढे दास म्हणून नव्हे, तर दासाहून श्रेष्ठ, प्रिय बंधू म्हणून. आणि हे बंधुत्व ‘देहाने आणि प्रभूमध्येही’. या शेवटच्या शब्दांकडे अनेकदा दुर्लक्ष होते. बंधुत्व केवळ प्रभूमध्ये असते तर ते प्रार्थनेच्या वेळेपुरते मर्यादित ठेवता आले असते: सभेत भाऊ आणि सभा उठल्यावर पुन्हा दास. देहाने, म्हणजे रोजच्या व्यवहारात, घरात, कामात आणि जेवणाच्या पंगतीतही तो भाऊ आहे, असे म्हटल्यावर ती पळवाट राहत नाही. लगेच १७ व्या वचनात पौल म्हणतो की तू मला भागीदार समजत असशील, तर जसा माझा तसाच त्याचा स्वीकार कर. आता फिलेमोनासमोर प्रश्न एका गुलामाला घरात कसे घ्यायचे एवढाच उरत नाही. पौल दारात उभा राहिला असता तर त्याला कसे घेतले असते, हा प्रश्न उरतो.

भागीदार हा शब्द आला की भाषा हिशेबाची होते. देणे माझ्या खाती मांड, असे म्हणून पौल लेखनिकाच्या हातची लेखणी स्वतः घेतो: ‘मी पौल हे स्वहस्ते लिहितो, मी फेडीन’ (१९). त्या काळी कर्जाची कबुली ऋणकोने स्वतःच्या हाताने लिहून देण्याची पद्धत होती, आणि हे वाक्य त्याच रोख्याच्या घाटाचे आहे. पत्र फिलेमोनाच्या हाती पडले तेव्हा अक्षराचे वळण बदललेले त्याला डोळ्यांनी दिसले असणार. पुढच्याच शब्दांत पौल त्या खात्याची दुसरी बाजू उघडतो: तू स्वतःच माझे देणे आहेस, हे मी सांगत बसत नाही. सांगत नाही म्हणत त्याने ते सगळ्या मंडळीसमोर सांगितले. याचा अर्थ फिलेमोन पौलामुळेच विश्वासात आला होता. कलस्सैची मंडळी एपफ्रासाच्या कार्याने उभी राहिली असे दिसत असल्याने (कलस्सै १:७), त्यांची भेट बहुधा इफिसला झाली असावी. काही वाचकांना हे वाक्य दडपणाचे वाटते, आणि ते दडपण आहे हे नाकारण्यात काही अर्थ नाही. मला मात्र येथे हेही दिसते की सर्व बळ ज्याच्या हाती होते त्या धन्यावर हे दडपण आहे, आणि ज्याच्या हाती काहीच नव्हते त्याच्यासाठी ते आणले आहे.

मग पौलाने नेमके मागितले तरी काय? पत्र वाचून झाल्यावर हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा आणि उत्तर वचनांच्या आधारे लिहावे. काहींच्या मते केवळ क्षमा आणि स्वीकार. काहींच्या मते अनेसिमाला पौलाच्या सेवेसाठी परत पाठवणे, कारण १३ व्या वचनात तशी इच्छा स्पष्ट आहे. काहींच्या मते त्याची गुलामीतून मुक्तता, कारण २१ व्या वचनात ‘मी म्हणतो त्याहूनही अधिक तू करशील’ असे म्हटले आहे. अर्थ लावताना लक्षात घ्यावे की रोमन जगात गुलामांना मुक्त करणे दुर्मीळ नव्हते, परंतु मुक्त झालेला माणूस जुन्या धन्याचा बांधील राहत असे. प्लिनीच्या पत्रातला माणूस असाच होता आणि तरीही भीतीने थरथरत होता. त्यामुळे मुक्तता एवढीच मागणी असती तर ती १६ व्या वचनापेक्षा कमी भरली असती. माझ्या मते पौलाची मागणी मुक्ततेच्या पुढची आहे आणि मुक्तता तिच्या पोटात येते. पण त्याने तो शब्द लिहिला नाही, हेही तितकेच खरे आहे.

त्या न लिहिलेल्या शब्दाची किंमत नंतरच्या लोकांनी मोजली, म्हणून पत्राचा पुढचा इतिहास वगळून त्याचा संदेश सांगू नये. अमेरिकेत १८५० साली पळालेल्या गुलामांना परत करण्याचा कायदा झाला तेव्हा ‘पौलानेही अनेसिमाला परत पाठवले’ हा युक्तिवाद त्याच्या समर्थनार्थ केला गेला. त्याआधी १८३३ मध्ये जॉर्जिया राज्यात चार्ल्स कोलकॉक जोन्स या धर्मोपदेशकाने गुलामांपुढे याच पत्रावर प्रवचन केले आणि पौलाच्या नावाने पळून जाण्याचा निषेध केला, तेव्हा निम्मे श्रोते उठून चालते झाले. हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. त्या श्रोत्यांना वाचायला शिकू दिलेले नव्हते, तरी आपल्यासमोर पत्राचे जे वाचन चालले होते ते मान्य करण्यासारखे नाही, हे त्यांनी ओळखले. गुलामगिरीच्या विरोधकांनी उलट १६ वे वचन पुढे केले. येथे जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातील २३:१५–१६ ही वचनेही काढून पाहावीत: धन्याकडून पळून आलेल्या दासाला त्याच्या हवाली करू नये, अशी तेथे स्पष्ट आज्ञा आहे. पौलाला ती नक्कीच माहीत होती. तरी त्याने अनेसिमाला पाठवले, हाती हे पत्र देऊन. हा ताण मिटवून टाकण्याची घाई करू नये. तो पत्राचाच भाग आहे.

पुढे काय झाले हे पत्र सांगत नाही. पत्र जपले गेले, यावरून फिलेमोनाने ते फाडून टाकले नाही एवढे तरी दिसते. इ. स. ११० च्या सुमारास अंत्युखियाचा इग्नाती इफिसच्या मंडळीला लिहितो तेव्हा तेथील अध्यक्षाचे (बिशपचे) नाव अनेसिम असे येते. तो हाच असेल का? जॉन नॉक्स या अभ्यासकाने तसे मानले; परंतु हे नाव गुलामांत सर्रास ठेवले जाई, त्यामुळे केवळ नावावर भार टाकता येत नाही. आज या पत्राच्या सर्वांत जुन्या तुकड्यांपैकी एक, पपायरस ८७, जर्मनीतील कोलोन येथे आहे. तो तिसऱ्या शतकातला मानला जातो, आणि त्यावर १३ ते १५ आणि २४–२५ या वचनांचा काही भाग टिकला आहे.

शक्य असेल तर शेवटचे वाचन चारपाच जणांनी मिळून मोठ्याने करावे. एकाने वाचावे, एकाने फिलेमोनाच्या जागी बसावे, एकाने अनेसिमाच्या, आणि बाकीच्यांनी घरात जमलेली मंडळी व्हावे. वाचन संपल्यावर फिलेमोनाने उत्तर देण्याआधी अनेसिमाच्या जागी बसलेल्याला विचारावे की यातील कोणते वाक्य ऐकताना धीर आला आणि कोणते ऐकताना भीती वाटली, कारण सगळे पत्र ज्याच्याबद्दल आहे त्याच्या तोंडी पत्रात एकही शब्द नाही. त्यानंतर त्याच बैठकीत कलस्सैकरांस पत्रातील ३:२२ ते ४:१ ही वचने वाचावीत, जेथे दासांना चार वचने आणि धन्यांना एक वचन दिले आहे. त्याच मंडळीशी जोडलेली ही दोन पत्रे एकमेकांना कोठे दुजोरा देतात आणि कोठे अडखळवतात, ते सुरुवातीच्या कागदावर नोंदवावे. मग करिंथकरांस पहिल्या पत्रातील ७:२०–२४ आणि गलतीकरांस पत्रातील ३:२८ हे उतारे घ्यावेत, याच क्रमाने, म्हणजे सर्वसाधारण विधानांचा अर्थ एका ठरावीक माणसाच्या प्रकरणावर तपासून पाहता येतो.